हेमांगी पोरेंचं डेटा कार्ड

“बाहेर काढा म्हणू?” शुभदानं विचारलं. तिचं बोट माऊसवर नुसतंच टेकलेलं होतं, दाबायचा धीर होत नव्हता.

“अगं म्हण की! बाहेर काढ म्हटलंस म्हणून ते काय रुसून पळून जाणारे?”

तिनं डोळे मिटून बटण दाबलं. पडद्यावरचं सीडीचं चित्र नाहीसं झालं. आम्ही दोघी लॅपटॉपला खोचलेल्या त्या पांढऱ्या कांडीकडे बघत बसलो. लाल दिवा विझला. मी मनात दहा आकडे मोजले. मग हिरवा दिवा लुकलुकायला लागला, आणि शुभदानं चक्क माझ्या गळ्यात हात टाकले.

“वन्सं, झालं! अहो झालं!”

“सोड, सोड, बांगडी अडकली केसात,” मी म्हटलं. पण मलाही मनातून झकास वाटत होतं. का वाटू नये? सोमवारपासून आमच्या नाकी नऊ आणले होते त्या कांडीनं. वायरलेस ब्रॉडबँडचं डेटा कार्ड ते. दोन हजार दहाचा फेब्रुवारी होता, आणि कराडात अशी कार्डं नुकतीच मिळायला लागली होती. खोक्यावर ठळक लिहिलं होतं, फक्त विंडोजसाठी. आणि शुभदाचा लॅपटॉप होता लिनक्सवाला.

दुकानदारानं सोमवारीच हात झटकले होते. “ताई, लिनक्सला कंपनीचा सपोर्ट नाही. घ्या, पण परत आणू नका.” मी म्हटलं, बघू या. सोमवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा वर्ग चालवत होते, तीन जुनी मशिनं आणि एक फळा. व्हायरसला कंटाळून त्यातल्या एकावर मी लिनक्स घातलेलं होतं. म्हणजे अगदीच अडाणी नव्हते. तरी पण त्या कार्डानं दीड दिवस चकवलं. खोचलं की ते आपण सीडी असल्याचं सोंग घ्यायचं. आम्ही सीडी उघडायचो, तर आत विंडोजचा प्रोग्राम. तो काही लिनक्सवर चालेना. आम्ही परत उघडायचो, परत तेच. मंगळवारी दुपारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही सीडी उघडायची नाही, बाहेर काढायची. बाहेर काढली की कार्ड सोंग टाकतं आणि मोडेम होतं. इतकं साधं.

“आता नेट सुरू?” शुभदानं विचारलं.

“आता फक्त कंपनीनं कार्ड चालू करायचं राहिलं. ते फोन करतील, नाव-पत्ता विचारतील, तू हो म्हणशील, की तासाभरात सुरू. मशिनचं काम संपलं.”

“उद्या पाचच्या आत होईल ना?”

“न व्हायला काय झालं?”

पाचचं कारण असं. शुभदा माझी भावजय. धाकट्या भावाची, अभिजितची बायको. लग्नाला आठ महिने झाले होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी., विद्यापीठात दुसरी आलेली. पुण्यातल्या एका कंपनीनं तिला कामासाठी निवडलं होतं. नव्या औषधांच्या चाचण्या होतात, त्यातल्या आकड्यांची छाननी करायची. कंपनीनं स्वतःचा लॅपटॉप कुरिअरनं पाठवला होता, आणि शेवटची परीक्षा त्याच लॅपटॉपवरून द्यायची होती. बुधवारी, संध्याकाळी पाचच्या आत सुरू करायची, तासाभराची. नेटकॅफेवाला बाहेरच्या मशिनला स्वतःची वायर लावू द्यायला तयार नव्हता. फोनवाल्यांच्या ब्रॉडबँडला तीन महिन्यांची प्रतीक्षा. राहता राहिलं हे कार्ड.

आईनं परवानगी दिली होती ती एका अटीवर. “घरात बसून काय करायचं ते कर. उंबऱ्याबाहेरची नोकरी मला चालायची नाही.” आईचा उजवा हात आणि पाय अर्धांगानं गेलेला होता, जीभ मात्र शाबूत. शुभदा हसून म्हणाली होती, “घरात बसूनच आहे आई.”

आता ते नावाचं सांगते. शुभदा हे तिचं आमच्याकडचं नाव. माहेरची ती हेमांगी, हेमांगी मोहन पोरे. लग्नात ताटातल्या तांदळावर अभिजितनं अंगठीनं जे नाव लिहिलं, ते मीच सुचवलेलं. तिला विचारलं होतं का? छे. कोण विचारतं? ती मान खाली घालून तांदूळ बघत होती, आणि मी मागून अभिजितला म्हणत होते, ‘श’ ची गाठ नीट काढ. घरात जुनं नाव घ्यायचं नाही, हा आईचा दंडक. एकदा तिच्या भावाचा फोन आला, “हेमांगी आहे का?” तर आईनं “या घरात हेमांगी नाही, शुभदा आहे” म्हणून फोन ठेवून दिला होता. शुभदा शेजारीच उभी होती. हसली बिचारी. काय करणार?

पण कागदपत्रं सगळी जुन्या नावाची. त्यामुळे डेटा कार्डाचा अर्ज हेमांगी मोहन पोरे नावानं भरला होता, पत्ता आमचा आणि फोन आमच्या घरातला.

मंगळवारी संध्याकाळी ती आईला भरवत होती. मी लॅपटॉप बंद करायला बसले. म्हणजे तसं मी स्वतःला सांगितलं. ‘कंपनी’ नावाचा फोल्डर समोर होता, तो उघडला. नेमणुकीचं पत्र होतं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की पहिले तीन महिने घरून काम, त्यानंतर पुण्याच्या कार्यालयात रुजू व्हावं लागेल. त्याखाली आणखी एक कागद होता, मराठीत टाईप केलेला. पुण्याच्या आसपासच्या दोन साखर कारखान्यांचे पत्ते आणि अभिजितच्या नावानं नोकरीचा अर्ज. अर्ज त्याच्याच भाषेत होता. ‘सविनय’ च्या जागी ‘सविनयपूर्वक’ लिहायची त्याची शाळेपासूनची खोड मला ठाऊक होती.

म्हणजे दोघांचं ठरलं होतं. आणि मला कुणी अवाक्षरानं बोललं नव्हतं.

मी माझ्या सासरहून चौदा महिन्यांत परत आले होते. त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. ही दोघं पुण्याला गेली, की या घरात उरणार कोण? आई आणि मी. आईचं भांडं मी द्यायचं, आईला कुशीवर मी वळवायचं, आणि आईचं ‘तू नांदली असतीस तर’ हेही मीच ऐकायचं, ती मरेपर्यंत. नंतर त्या घरात मी एकटी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड दिवस मी त्या कार्डाशी डोकं फोडत होते ते कशासाठी? यांना पुण्याचं दार उघडून द्यायला!

“वन्सं, पोळी गरम वाढू का?” आतून हाक आली.

“वाढ,” मी म्हटलं आणि फोल्डर बंद केला.

बुधवारी सकाळी नऊपासून शुभदा फोनपाशी पाट घेऊन बसली. भाजी तिथेच निवडली, आईच्या गोळ्या तिथेच काढल्या. अभिजित सातलाच कारखान्यात गेला होता. जाताना मला म्हणाला, “ताई, तुझ्या भरवशावर आहे हं सगळं.” मी म्हटलं, “जा तू निवांत.”

साडेअकराला आईनं हाक मारली. तिला अंघोळ घालायची वेळ झाली होती, आणि आईची वेळ म्हणजे वेळ. शुभदा उठली. पदर खोचला आणि माझ्याकडे आली.

“वन्सं, फोन आला तर ते हेमांगी पोरे म्हणून विचारतील. मला लगेच हाक माराल ना? आईंना साबण लावलेला असला तरी मी तशीच येईन.”

“बरं.”

“हेमांगी पोरे,” ती परत म्हणाली. ते नाव उच्चारताना तिनं न्हाणीघराकडे एकदा बघून घेतलं.

फोन वाजला तेव्हा माझ्या घड्याळात बाराला वीस मिनिटं होती. न्हाणीघरात नळ सुरू होता. आई ओरडत होती, पाणी फार कढत आहे म्हणून.

“नमस्कार. ब्रॉडबँड पडताळणी विभागातून बोलतेय,” पलीकडे एक कोवळा, गोड आवाज. “हेमांगी मोहन पोरे यांच्याशी बोलायचं होतं.”

“कोण?”

“हेमांगी मोहन पोरे. डेटा कार्डासाठी अर्ज केलाय त्यांनी.”

“असं कोणी इथे राहत नाही.”

पोरगी गडबडली. “पण पत्ता तर हाच आहे, मॅडम. सोमवार पेठ, खटावकर. हे खटावकरांचंच घर ना?”

“घर खटावकरांचं आहे. पोरे कोणी नाही इथे.”

“भाडेकरू, पाहुण्या वगैरे? बघा ना मॅडम, आठवून. मला अर्ज नाकारायला लागेल नाहीतर.”

दोनदा संधी दिली तिनं मला. मी फोनच्या वायरीचा पीळ सोडवत उभी होते. समोर भिंतीवर अभिजित-शुभदाच्या लग्नाचा फोटो होता.

“सांगितलं ना एकदा,” मी म्हटलं, “अशी बाई या घरात नाही.”

“मग नाकारला असं लिहू?”

“लिहा.”

फोन ठेवला. मला त्या क्षणी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? पाय हलके झाल्यासारखे वाटले.

“कोणाचा गं फोन?” आतून आईनं विचारलं.

“वर्गाची चौकशी!”

शुभदा दारात आली. कोपरापर्यंत फेस, कपाळावर केस चिकटलेले. “माझा नव्हता?”

“अगं, तुझा असता तर हाक नसती मारली? जा, आईला थंडी वाजेल.”

ती गेली.

एक वाजला, दोन वाजले. शुभदा जेवली नाही. लाईट गेली, तशी ती लॅपटॉपची बॅटरी वाचवायला सारखी झाकण लावायची आणि दर पाच मिनिटांनी परत उघडून बघायची. हिरवा दिवा लुकलुकत होता, पण नेट जोडलं जात नव्हतं.

“वन्सं, मी कंपनीला फोन करू का?”

“तुला ते तांत्रिक काय कळणार? थांब, मीच बोलते.”

मी फोन उचलला, खोक्यावरच्या नंबरचे आकडे फिरवले आणि जोडला जायच्या आत बोटानं खटका दाबून धरला. मेलेल्या फोनवर मी पाच-सात मिनिटं बोलले. शुभदा माझ्या खांद्याशी उभी होती, तिचा श्वास मला मानेला लागत होता.

“हो, हो, लिनक्स… नाही का?… अहो, पण दिवा तर हिरवा आहे!… अच्छा, अकाउंट चालूच होत नाही त्याच्यावर?… काहीच इलाज नाही? बाईमाणसाची परीक्षा आहे हो, काहीतरी करा…” मध्ये एकदा मी चिडलेसुद्धा. “मग विकता कशाला असली कार्डं?”

फोन ठेवला आणि मान हलवली.

“काय म्हणाले?”

“लिनक्सवर चालू होतच नाही म्हणे. विंडोजवरूनच पहिल्यांदा चालू करावं लागतं.”

“मग तुमच्या वर्गातल्या मशिनवर करू या?”

हे मात्र मला सुचलेलं नव्हतं. एवढी हुशार पोरगी ती. पण लाईट गेलेली होती, आणि माझ्या मशिनांना बॅटरी नव्हती.

“लाईट येऊ दे,” मी म्हटलं.

लाईट साडेचारला आली. आम्ही धावलो. वर्गातल्या विंडोजवर कार्ड खोचलं, प्रोग्राम चालला, सगळी चित्रं आली, आणि शेवटी इंग्रजीत पाटी आली, की हे खातं अजून सुरू झालेलं नाही. मला ठाऊकच होतं. शुभदा ती पाटी तीन-चारदा बंद करून परत उघडत राहिली. कपाळाला हात लावून मी म्हटलं, “अगं, त्या लिनक्समध्ये आधी घातल्यानं बिघडलं असेल ते.”

पाच वाजले. वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळात आम्ही दोघींनी बघितलं. शुभदानं कार्ड काढलं, त्याला टोपण लावलं आणि खोक्यात ठेवलं. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

“तुमचा काय दोष, वन्सं,” ती म्हणाली, “तुम्ही तर दोन दिवस वर्गसुद्धा बंद ठेवलात माझ्यासाठी.”

आई म्हणाली, “सुटलीस. डोळे गेले असते त्या खोक्यापुढे.” अभिजित आला, ऐकलं, आणि बराच वेळ चपला न काढता तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी शुभदानं कंपनीला विनवण्या केल्या. त्यांनी यादीतल्या पुढच्या मुलीला घेतलं होतं. लॅपटॉप परत पाठवायचा होता. तिनं तो मऊ फडक्यानं पुसला, कळांच्या फटीत काडीला कापूस गुंडाळून साफ केलं, आणि कुरिअरवाल्याच्या हातात दिला.

त्यानंतर तिनं दुसरा अर्ज केला नाही. दोन-तीनदा अभिजित म्हणाला, तर म्हणाली, “राहू द्या.” पुढे तिला मुलगी झाली. आई आणखी सात वर्षं जगली. तिचं अंथरुणातलं सगळं शुभदानं केलं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला संडासात हात धरून नेणारीही तीच. वर्ग कधीचा बंद पडला. पाहुण्यांपुढे माझं कौतुक करताना ती म्हणायची, “वन्संना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं हो.” मी मान डोलवायचे. मी विसरून गेले होते म्हणा ना. विसरण्याजोगतं होतंच ते, कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी श्रीलंकेची सहल ठरवली. आयुष्यात पहिल्यांदा मी पासपोर्टसाठी अर्ज केला. दिवसातून दहादा शुभदाला सांगायचे, “चौकशीला हवालदार येईल हं. मी आत असले तर हाक मार.” ती म्हणायची, “मारेन की.”

हवालदार आला तेव्हा मी मधल्या खोलीत गुडघ्याला तेल लावत बसले होते. उठेपर्यंत शुभदानं दार उघडलं होतं.

“ज्योत्स्ना दत्तात्रय खटावकर इथेच राहतात का?”

मला पडद्याआडून शुभदाची पाठ दिसत होती. दाराच्या चौकटीवर तिचा एक हात होता. हवालदारानं परत विचारलं, “बाई, खटावकर ज्योत्स्ना? या पत्त्यावर आहेत ना?”

तेव्हा तिनं मान वळवून मागे बघितलं. सरळ माझ्याकडे. तेरा वर्षांत तिनं माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. तेलाची वाटी हातातून सुटली आणि फरशीवर घरंगळत गेली.

“राहतात की,” ती म्हणाली. “इथेच राहतात. कुठे जायच्यात त्या?”

हवालदारानं लिहून घेतलं, माझी सही घेतली, शेजारच्यांची नावं विचारली आणि गेला. शुभदानं फरशीवरचं तेल पुसलं. मग ती आपल्या कपाटाकडे गेली आणि साड्यांच्या घडीखालून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

डेटा कार्डाचा अर्ज होता. कोपऱ्यात तिचा तेव्हाचा फोटो, दोन वेण्या. टपालानं परत आलेला. फोटोवरून आडवा शिक्का, इंग्रजीत, नाकारला म्हणून. खाली शाईनं लिहिलेला शेरा होता. सदर अर्जदार या पत्त्यावर राहत नाहीत असं घरातल्या महिलेनं फोनवर सांगितलं. बुधवारची तारीख आणि वेळही होती, अकरा चाळीस.

“आठवड्यानं आला होता,” शुभदा म्हणाली. “अकरा चाळीसला मी आईंच्या पाठीला साबण लावत होते.”

तेरा वर्षं! तेरा वर्षं हा कागद त्या कपाटात, आणि तिच्या हातचं मी रोज दोन वेळा जेवत होते.

“हेमांगी,” मी कसंबसं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्या नावानं हाक मारली.

“ती कुठली आता इथे?” ती म्हणाली. तिनं कागदाची घडी घातली, परत साड्यांखाली ठेवला आणि कपाटाचं दार लावलं. “तेव्हा फोनवर ‘राहते’ एवढंच सांगायचं होतं तुम्ही, वन्सं. हवालदाराला सांगताना मला काही जड गेलं का?”

मग तिनं पदर खोचला आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं.